गिऱ्हाईक ओळखणारं संकेतस्थळ

माझी मावशी बेळगावात घरातूनच केक करून विकते. तिच्याकडे निळ्या पुठ्ठ्याची एक वही आहे. वहीत हिशेब आहेच, पण समासात बारीक अक्षरातल्या नोंदीही आहेत: 'अंडं नको', 'साखर कमी', 'नातीचा वाढदिवस जूनमध्ये'. गिऱ्हाईक दारात आलं की वही न उघडताच मावशी विचारते, "नेहमीचाच ना, बिनअंड्याचा?" माणूस खूश होतो आणि पुन्हा येतो. गतिमान, ज्याचं त्याला हवं ते दाखवणारं संकेतस्थळ धंद्याला का लागतं, हे मला आधी या वहीतून कळलं. संगणकाचं पुस्तक मी नंतर उघडलं.

छापील पुस्तक आणि कीर्तन

आपण साहित्याचे विद्यार्थी, म्हणून आपल्याच भाषेत सांगते. स्थिर संकेतस्थळ छापील पुस्तकासारखं असतं. कुणीही उघडा, पान तेच. १९९१ साली टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत सुरू केलेलं जगातलं पहिलं संकेतस्थळ असंच होतं. गतिमान संकेतस्थळ कीर्तनासारखं. आख्यान तेच असतं, पण समोर कोण बसलंय ते बघून बुवा दृष्टांत निवडतात. इथे पान आधीपासून तयार नसतं. तुम्ही ते मागितलंत की सर्व्हर आजचा भाव, शिल्लक माल असं सगळं साठ्यातून उचलतो आणि त्या क्षणी पान जुळवून देतो.

पण बुवांना श्रोते दिसतात, सर्व्हरला कोण दिसतं? पान मागणारा प्रत्येक जण त्याला नवखाच. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू मॉन्टुली यांनी यावर उपाय काढला, तो म्हणजे कुकी. देवळाबाहेर चपला ठेवल्या की बिल्ला मिळतो ना, तसंच हे. सर्व्हर ब्राउझरला एक बिल्ला देतो आणि पुढच्या खेपेला ब्राउझर तो दाखवतो. बिल्ल्यावर नाव असायलाच हवं असं नाही. नंबर असला तरी तुमची चप्पल तुम्हालाच मिळते.

धंद्याला फायदा काय?

मोठं उदाहरण ॲमेझॉनचं. १९९५ मध्ये ही कंपनी पुस्तकं विकायला लागली. लिंडन, स्मिथ आणि यॉर्क या तिथल्या तिघांनी शिफारशींची रीत २००३ साली एका लेखात मांडली. तुमच्यासारखी आवड असलेली माणसं शोधत बसण्याऐवजी, कोणत्या वस्तूबरोबर कोणती वस्तू घेतली जाते याचा तक्ता आधीच करून ठेवायचा. मग गिऱ्हाईकं कोटीच्या घरात असली तरी शिफारस झटक्यात देता येते. ऐकायला अवघड वाटतं, पण प्लम केक घेणाऱ्याला मावशी "कुलकुल पण बांधू का?" विचारते, त्यामागचा हिशेब हाच आहे.

छोटं उदाहरण आमचं. मी आणि माझ्या मावसभावाने मावशीसाठी पहिलं संकेतस्थळ केलं ते स्थिर होतं. ईस्टरला टाकलेले भाव नाताळपर्यंत तसेच राहिले. लोकांनी जुन्या भावाने ऑर्डरी दिल्या. मावशीने पदरमोड करून त्या सगळ्या पुऱ्या केल्या. "भाव आपणच लिहिलेला, आता फिरवायचा कसा?" एवढंच म्हणाली.

मग भावाने सगळं नव्याने बांधलं. आता भाव एकाच ठिकाणी बदलला की सगळीकडे बदलतो. ओव्हनमध्ये दिवसाला जेवढे केक होतात तेवढ्या ऑर्डरी आल्या की त्या तारखेची नोंदणी आपोआप बंद होते. बिनअंड्याचा केक घेणाऱ्याला तोच आधी दिसतो, शोधावा लागत नाही. आणि भाषा! कोणती भाषा हवी हे ब्राउझर सर्व्हरला सांगतो खरं, पण आपल्याकडे घरात मराठी किंवा कन्नड बोलणाऱ्यांचेही फोन इंग्रजीतच असतात. म्हणून आम्ही पहिल्या भेटीतच भाषा विचारतो. त्यानंतर फोनवरून पुन्हापुन्हा तेच विचारणारे कमी झाले आणि मावशीला कामाला वेळ मिळायला लागला.

वहीला जे कळलं

आम्ही खुशीत होतो. वाढदिवसाच्या आठ दिवस आधी आपोआप आठवण पाठवायची सोयही केली. गेल्या वर्षी मावशीच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचे यजमान वारले. मावशी मातीला जाऊन आली होती. तीन महिन्यांनी त्या काकूंच्या फोनवर आमचा निरोप गेला: 'काकांचा वाढदिवस जवळ आलाय, यंदा केक कोणता?'

काकू घरी आल्या. रागावल्या नाहीत, फक्त फोन पुढे केला. मावशीने वाचलं आणि त्यांचा हात धरून आत नेलं. त्या गेल्यावर मी निळी वही उघडली. काकांच्या तारखेवर एक सरळ रेघ होती. मातीहून आल्या दिवशीच मावशीने ती ओढली होती. संकेतस्थळाला ते कुणी सांगितलंच नव्हतं, कारण ते सांगायची जागाच आम्ही ठेवली नव्हती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. लक्षात ठेवणं आम्ही यंत्राला शिकवलं, पण कधी थांबायचं ते शिकवायचं राहून गेलं. आपल्याकडचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही त्याच दिशेचा आहे. माहिती कशासाठी हवी ते सांगून संमती घ्यायची, आणि संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणंही सोपं ठेवायचं.

आता आठवण हवी का, हे आम्ही आधी विचारतो. प्रत्येक निरोपाखाली 'माझी नोंद पुसा' असं बटण आहे. आणि कुठलीही आठवण मावशीने पाहिल्याशिवाय जात नाही. दर शनिवारी मी तिच्याजवळ बसते. ती वही वाचते, मी पडद्यावरची यादी तपासते. अर्धा तास जातो, पण तो वाचवायचा नाही असं आम्ही ठरवलंय.

मित्रमैत्रिणींनो, तुमच्याही घरी खानावळ, शिवणकाम, मसाले असा काही धंदा असेल. त्याला संकेतस्थळ जरूर करा, फायदा आहेच. पण सुरुवात करण्याआधी घरातली वही मागून घ्या आणि कोणत्या नोंदींवर रेघ आहे ते बघा.