ई-मेल सर्व्हरला मर्यादा का व किती घालावी?

व्यापाऱ्याची खरी पुंजी म्हणजे बाजारातील पत. आज बिले, दरपत्रके व ऑर्डरी ई-मेलने जातात. म्हणून दुकानाच्या नावाचा ई-मेल पत्ता हीसुद्धा एक अमानतच आहे. तिची राखण कशी करावी, हे आपण पाहू.

पासवर्ड चोरणाऱ्याला बहुधा आपला सर्व्हर फुकटचे टपालघर म्हणून हवा असतो. एका रात्रीत आपल्या नावाने हजारो फसवी पत्रे जातात. मग १९९८ पासून काम करणाऱ्या स्पॅमहाऊससारख्या संस्था तो सर्व्हर काळ्या यादीत घालतात आणि आपले खरे बिलही ग्राहकाकडे पोहोचत नाही. सर्व्हर भागीदारीतला असेल तर शेजारी व्यापाऱ्याचेही नुकसान होते. शेजाऱ्याचा हक्क इथेही आहेच!

मर्यादेने चोरी थांबत नाही, पण नुकसान आटोक्यात राहते. समजा, चामड्याच्या वस्तूंच्या एका कारखान्यातून गर्दीच्या तासात फार तर १५ पत्रे जातात. त्याला तासाला ५० ची मर्यादा पुरेशी आहे. चोराच्या हाती ८ तास लागले तरी ४०० पत्रांवर काम थांबेल. ईदपूर्वी ६०० ग्राहकांना नवे दर कळवायचे असतील तर तासाला ३० प्रमाणे, रोज १० तास, दोन दिवसांत पाठवावेत. रोजच्या बिलांनाही जागा उरते.

मर्यादा ठरवताना पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात :

१) सीपॅनेलच्या सर्व्हरवर डब्ल्यूएचएममध्ये दर तासाची मर्यादा घालता येते. ती संपूर्ण डोमेनसाठी असते, म्हणून सर्व कामगारांची पत्रे एकत्र मोजावीत. सर्व्हर भाड्याचा असल्यास होस्टिंगवाल्याकडून आकडा लिहून घ्यावा.

२) एकच पत्र ५० जणांना पाठवले तर बहुधा ५० पत्रे धरली जातात.

३) मर्यादेपलीकडची पत्रे रांगेत थांबतात की परत येतात, हे आधीच विचारावे.

मर्यादा संपल्याची सूचना आली आणि आपण तेवढी पत्रे पाठवलीच नसतील, तर घाईने मर्यादा वाढवू नये. आधी पासवर्ड बदलावा, रांगेतील फसवी पत्रे काढून टाकावीत, मगच काम सुरू करावे. आमच्या मते ही सूचना म्हणजे अडचण नव्हे, तर चौकीदाराची हाक आहे. ती वेळीच ऐकली तर वर्षानुवर्षे कमावलेली पत इन्शाअल्लाह शाबूत राहील.