गिटार करायची तर आधी हवा बघा

दुकानात मिळणाऱ्या साध्या गिटारीपेक्षा घरी केलेली गिटार महागच पडते. खुंट्या, फ्रेटची तार, ट्रस रॉड आणि परदेशातून मागवलेली स्प्रूसची पाटी यांची बेरीज केली की बचतीचा मुद्दा तिथेच निकालात निघतो. तेव्हा पैसे वाचवायला कोणी या वाटेला जाऊ नये. रंध्यातून निघालेलं सालपट फेकून देण्याआधी उजेडात धरून बघावंसं ज्याला वाटतं, त्याची ही हौस. मी पुण्यात, घराच्या मागच्या खोलीत, स्टीलच्या तारांच्या गिटारी करते. हे काम शिकवणारी इंग्रजी पुस्तकं चांगली आहेत, पण ती लिहिणाऱ्यांच्या गावात आपल्यासारखा पावसाळा नसतो. आपल्या हवेत काय चालतं आणि काय चालत नाही, तेवढं इथे सांगते.

१. पहिली खरेदी हायग्रोमीटरची

रंधा, पटाशी, करवत सगळं नंतर. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. त्यापायी ते फुगतं-आकसतं ते रेषांच्या आडवं. लांबीत नाव घेण्याजोगा फरक पडत नाही. गिटारीची वरची पाटी, म्हणजे तंबोऱ्याच्या भाषेत तबली, साधारण ४०० मिलिमीटर रुंद आणि जेमतेम ३ मिलिमीटर जाड असते. नुसती मोकळी ठेवली तर ऑगस्ट आणि एप्रिल यांच्यात तिच्या रुंदीत चार-पाच मिलिमीटरचा फरक सहज पडतो. पण ती मोकळी नसते. आतून तिला आडव्या-तिरक्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात, आणि त्या लांबीत हलायला तयार नसतात. भर पावसात ८०-८५ टक्के आर्द्रतेत पट्ट्या चिकटवल्या, की एप्रिलच्या कोरड्या दुपारी तबलीला आकसायचं असतं आणि पट्ट्या तिला आकसू देत नाहीत. मग ती रेषेवरून तडकते. फार कोरड्या हवेत चिकटवल्या तर पावसाळ्यात पोट फुगतं आणि तारा वर उचलल्या जातात. मात्र फुगवटा हवा बदलली की बराचसा उतरतो, तडा बुजत नाही. म्हणून कमी-जास्त व्हायचंच असेल तर कोरड्या बाजूला होऊ द्यावं.

या कामासाठी हवेत ४५ ते ५० टक्के आर्द्रता असावी, यावर बहुतेक कारागिरांचं एकमत आहे. पुण्यात अशी हवा ऑक्टोबर सरता सरता आपोआप येते आणि थंडीभर पुरते. मुंबईत, कोकणात, गोव्यात ती विकत घ्यावी लागते: एक तर डीह्युमिडिफायर, नाहीतर बंद कपाटात जळता ठेवलेला जुना पिवळा बल्ब.

हायग्रोमीटर स्वस्तातला चालेल, पण तपासल्याशिवाय त्याचं ऐकू नका. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, त्यावर पाण्याचे थेंब टाकून ते नुसतं ओलं करा, विरघळू देऊ नका. हायग्रोमीटरसकट ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ हवा. ७० दिसला तर पुढे कायम ५ मिळवून वाचायचं.

२. वखारीत आधी रेषा, मग जात

वखारीत पहिला प्रश्न ठरलेला असतो: “ताई, दार करायचंय का पलंग?” गिटार म्हटलं की मिस्त्री हसतो, पण फळ्या उलटून दाखवतो. फळीचं टोक बघायचं. वर्षावलयांच्या रेषा टोकाला उभ्या दिसल्या तर ती आपली फळी. आडव्या किंवा कमानदार दिसल्या तर कितीही देखणी असली तरी ती पलंगालाच द्यावी. उभ्या रेषांचं लाकूड ओलाव्याने कमी हलतं आणि कमी पिळवटतं.

जातीबद्दल मात्र हौशी लोकांत नको इतकी चर्चा होते. आंतोनियो दे तोर्रेस या स्पॅनिश कारागिराने १८६२ साली एक गिटार केली. तिची पाठ आणि कडा कागदाच्या लगद्याच्या होत्या, तबली तेवढी लाकडाची. आवाजाचा मोठा भार तबलीवर असतो हे त्याला दाखवायचं होतं. ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. तेव्हा पैसा घालायचा तर तबलीत घाला. पाठ आणि कडा आसपासच्या लाकडाच्या करा.

आणि आपल्या आसपासचं लाकूड काही कमअस्सल नाही. ब्राझीलचं रोझवूड मिळणं अवघड झाल्यावर अमेरिकेच्या मार्टिन कंपनीने १९६९ च्या सुमारास भारतीय रोझवूड धरलं. भारतीय रोझवूड म्हणजे आपली शिसव. जुन्या वाड्यांतून निघालेल्या शिसवी टेबलाचा पृष्ठभाग अनेक दशकं वाळलेला असतो. असं लाकूड नव्याने विकत घ्यायला गेलं तर परवडत नाही. फक्त करवत लावण्याआधी त्यावरून लोहचुंबक फिरवा, आत तुटलेला खिळा असतोच. दांडीला तून उत्तम. तंबोऱ्याच्या कामात ते पूर्वीपासून आहे, वजनाला हलकं आहे आणि पटाशीशी भांडत नाही. शिसवीचा भुसा मात्र नाकात गेला तर शिंका आणि अंगावर आला तर खाज. मास्क न लावता तिला पॉलिश पेपर लावू नये.

३. शिकंज्यांवर पैसे घालवू नका, बुरूड आळी गाठा

तबलीच्या मधोमध पट्टी चिकटवायची तर सी-क्लॅम्प तिथवर पोचत नाही. यावर परदेशी कारागिरांचा उपाय असा: प्लायवूडचे दोन चौकोन घ्यायचे, चार कोपऱ्यांत आटे पाडलेल्या सळया लावून एकावर एक दोन-अडीच फुटांच्या अंतराने बसवायचे. खालच्यावर काम ठेवायचं आणि वरच्या फळीपासून कामापर्यंत लवचिक काठ्या वाकवून अडकवायच्या. प्रत्येक काठी सरळ व्हायला धडपडते आणि खालची पट्टी दाबून धरते. ते लोक यासाठी फायबरग्लासच्या कांड्या विकत घेतात. आपल्याकडे बांबूच्या कामट्या आहेत.

बुरूड आळीत सांगाल त्या लांबीच्या कामट्या काढून देतात. दोन फळ्यांमधल्या अंतरापेक्षा इंचभर जास्त लांबी पुरते. पेराची गाठ मधोमध आली तर कामटी तिथे एकदम मोडते आणि तुकडा थेट तोंडावर येतो, म्हणून गाठी टोकांकडे येतील अशा बेताने कापाव्यात. टोकांना जुन्या सायकल ट्यूबचे तुकडे बांधले की घसरत नाहीत आणि तबलीवर वळ उठत नाहीत. पट्टी बसली की कडेने गोंदाचे बारीक मणी एकसारखे वर आले पाहिजेत. एखाद्या ठिकाणी मणी नसेल तर तिथे अजून एक कामटी हवी. सगळ्या कामट्या लागल्या की ती पेटी हातभर केरसुणी उलटी उभी केल्यासारखी दिसते, आणि घरातले लोक खोलीत यायचे बंद होतात.

४. फ्रेट मोजताना सुरुवात सोडायची नाही

तारेची लांबी ६४५ मिलिमीटर धरली तर पहिला फ्रेट नटपासून, म्हणजे दांडीच्या टोकाशी तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीपासून, ३६.२ मिलिमीटरवर येतो. ६४५ ला १७.८१७ ने भागायचं, उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने, असं करत गेलं की बारावा फ्रेट बरोबर निम्म्यावर पडतो. गॅलिलिओचे वडील विन्चेंझो गॅलिली यांनी १५८१ मध्ये १८ चा आकडा दिला होता आणि पुढे कित्येक पिढ्यांनी त्यावर वाद्यं केली. त्या हिशेबाने बारावा फ्रेट सव्वादोन-अडीच मिलिमीटर अलीकडे येतो. कानाला ते टोचतंच, पण तार दाबल्यावर ताणली जाऊन स्वर चढतो, त्याची थोडी भरपाई त्यात आपसूक होत असे. आता आपण फ्रेट अचूक कापतो आणि भरपाईसाठी घोडी दोन-तीन मिलिमीटर मागे सरकवतो, जाड तारांकडे जरा जास्त.

खूण करताना मात्र प्रत्येक अंतर नटपासूनच घ्यायचं. एका फ्रेटपासून दुसरा मोजत गेलं तर पेन्सिलीच्या रेघेची जाडी वीस वेळा साठते.

५. कडा वाकवायची नळी

साध्या लोखंडाची किंवा ॲल्युमिनियमची घ्या. नळाची जस्ताचा मुलामा दिलेली नळी तापवली तर तिचा धूर विषारी असतो. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो नळीवरून पळत सुटला पाहिजे. एका जागी बसून उकळला तर नळी अजून थंड आहे. २ मिलिमीटर जाडीची ओली कड कंबरेच्या वळणापासून सुरू करावी. जोर लावायचा नाही. एका क्षणी लाकूड हाताखाली ढिलं पडतं, तेव्हाच वळवायचं.

६. सरस परत आणा

कारखान्यात तयार झालेल्या पांढऱ्या गोंदाने दार, कपाट, साचे सगळं होतं. पण कायम ताणाखाली असलेल्या सांध्यात तो हळूहळू सरकतो, आणि उन्हात उभ्या गाडीत ठेवलेल्या गिटारीची घोडी उचकटते. घोडी आणि आतल्या पट्ट्यांसाठी मी सरसच वापरते. रात्री थंड पाण्यात भिजवायचा, सकाळी गरम पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून ६० अंशांपर्यंत तापवायचा. उकळला तर त्याची ताकद जाते. वास येतो, हे खरं. पण तो कडक वाळतो, आणि पन्नास वर्षांनी कोणाला दुरुस्ती करायची झाली तर ऊब आणि ओलावा देऊन सांधा सुटतो.

७. मजबुतीचा मोह आवरा

सहा तारांचा ताण मिळून ७०-७५ किलो होतो. हा आकडा कळला की हौशी माणूस घाबरतो आणि सगळं जाड ठेवतो. पहिल्यांदा केलेल्या बहुतेक गिटारी यामुळेच मुक्या निघतात. तबलीखाली इंग्रजी एक्सच्या आकारात पट्ट्या लावायची रीत मार्टिनच्या कारखान्यात १८४० च्या दशकात रुळली, आणि पुढे स्टीलच्या तारांचा ताण तिनेच पेलला. रचना बरोबर असली की जाडीची गरज राहत नाही. पट्ट्या तासत जा आणि दर थोड्या वेळाने तबली दोन बोटांत कडेला धरून टिचकी मारा. आधी ‘टक’ वाजतं. पुढे पुढे आवाज खाली उतरतो आणि लांबतो. लांबणं थांबलं की रंधा खाली ठेवायचा. मिलिमीटरचा आकडा इथे कामाला येत नाही, कारण स्प्रूसच्या दोन पाट्या सारख्या नसतात.

८. जवारी गिटारीला नको

तंबोऱ्याच्या रुंद घोडीवर तार किंचित घासत राहावी म्हणून मिरजेचे कारागीर जवारी लावण्यात दिवस घालवतात. तोच झंकार गिटारीत दोष ठरतो. हाडाच्या पट्टीवर तार एका बारीक धारेवरून सुटली पाहिजे. पट्टीचा माथा सपाट राहिला तर उघडी तार सतारीसारखी भणभणते. कानसेचे चार हात मागच्या बाजूला उतरते मारले की बहुधा थांबते. तंबोऱ्यांची दुरुस्ती करणाऱ्या माणसाला हे ऐकून लगेच कळतं. गिटारीच्या दुकानात सहसा तारा बदलून देतात.

९. पॉलिशला उन्हाळा

चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने चढवलेलं फ्रेंच पॉलिश तबलीवर सगळ्यांत पातळ बसतं, म्हणून आवाजाला सगळ्यांत कमी अडवतं. दमट हवेत त्याच्यावर पांढुरकी झाक येते. विरघळवलेला चपडा सहा महिन्यांहून जुना असेल तर काचेवर थेंब टाकून दुसऱ्या दिवशी नख लावून बघा. नख उमटलं तर तो फेकून द्या, तो कधीच कडक होणार नाही.

हे वाचून हात शिवशिवत असतील आणि बाहेर पाऊस असेल, तर आज वखारीत जाऊन लाकूड घेऊन या. फळ्यांमध्ये काड्या घालून ते खोलीत रचून ठेवा. तोवर साचा कापा, कामट्या तासा, पटाशीला धार लावा. तबलीला हात दिवाळीनंतर लावा.