दहा मिनिटांचे भाषण

आपल्या कार्यक्रमांत मुले भाषण पाठ करून येतात आणि एक ओळ विसरली की थांबतात. मी स्वतः बढतीच्या मुलाखतीत असाच थांबलो होतो. ती संधी गेली.

१७ डिसेंबर १९४६ रोजी घटना समितीत अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी बाबासाहेबांना अचानक बोलावले. त्यांच्या आधी २०-२२ वक्ते होते. आपली पाळी उद्या येईल असे ते धरून होते. त्यात वेळ दहा मिनिटे. ही अडचण त्यांनी आरंभीच सांगितली आणि लगेच विषयाला हात घातला. नेहरूंच्या ठरावाचे दोन भाग पाडले, एक वादाचा व एक बिनवादाचा. ऐकणाऱ्याला वाट दिसली. मुस्लिम लीग येईपर्यंत ठराव थांबवावा, या बॅ. जयकरांच्या सूचनेला त्यांनी पाठिंबा दिला. सभेला अधिकार आहे की नाही हा प्रश्न बाजूला ठेवून, असे करणे शहाणपणाचे होईल काय, एवढेच विचारले. ठराव पुढे २२ जानेवारी १९४७ रोजी संमत झाला.

कागद तयार नव्हता. वर्षांचा अभ्यास होता. तेवढा आपल्याजवळ नसतो, म्हणून आपण तरी पाठांतर सोडून चिठ्ठीवर चारच मुद्दे लिहावेत. पहिले वाक्य तेवढे पक्के करा. घड्याळ लावून घरच्यांसमोर मोठ्याने बोला (गॅलरीत नको, लोकलच्या आवाजात आपलेच शब्द ऐकू येत नाहीत) आणि नंतर धाकट्या भावंडाला विचारा, काय लक्षात राहिले? त्याला सांगता आले नाही, तर चिठ्ठी पुन्हा लिहा.