निक्सओएसवर बाहेरचा प्रोग्राम

प्रश्न : नेटवरून उतरवलेला लिनक्स प्रोग्राम निक्सओएसवर चालतच नाही. एका प्रोग्रामसाठी पॅकेज लिहायचा खटाटोप करायलाच हवा का?

उत्तर : रोज वापरायचा असेल तर हवाच. तयार प्रोग्राम आपला लोडर आणि लायब्ररी ठरावीक जागी शोधतो. निक्सओएसवर त्या तिथे नसतात. इथे प्रत्येक पॅकेज निक्स स्टोअरमध्ये, नावाआधी हॅश जोडलेल्या स्वतंत्र फोल्डरात बसते. म्हणून एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या शेजारी सुखाने नांदतात आणि बदल अंगाशी आला तर बूट मेनूतून मागची स्थिती निवडता येते. पॅकेजची फाइल सहसा वीसेक ओळींची : मूळ फाइलचा पत्ता, तिचा हॅश, लागणाऱ्या लायब्ररी आणि लोडरचा मार्ग दुरुस्त करणारा ‘ऑटोपॅचेल्फहुक’. हॅश ठाऊक नसेल तर ‘लिब.फेकहॅश’ लिहा, बिल्ड अडेल आणि खरा हॅश दाखवेल. मग ‘कॉलपॅकेज’ने ती फाइल सिस्टीम पॅकेजेसच्या यादीत घ्या आणि ‘निक्सओएस-रीबिल्ड स्विच’ चालवा. (निक्सची भाषा विक्षिप्त आहे, हे मान्य.)

बाहेरचे प्रोग्राम आहेत तसेच चालवू देणारे ‘निक्स-एलडी’ एका ओळीत चालू होते, मग एवढे कशाला, असे कोणी म्हणेल. चाचणीपुरते ते ठीक. पण तो प्रोग्राम कॉन्फिगरेशनमध्ये कुठेच नोंदला जात नाही. उद्या नव्या लॅपटॉपवर तीच कॉन्फिगरेशन फाइल लावली, तर नेमका तोच गायब असेल. ‘निक्स-एन्व्ह’ने बसवलेल्याचेही तेच. मात्र लिहायला बसण्याआधी निक्सपॅकेजेस या पॅकेज-संग्रहात शोधा. पॅकेज बहुधा आधीच तयार असते.