दोन पायांवरचा तोल

प्रश्न : आमच्या सातपूरच्या कारखान्यात रोबोचा हात अचूक वेल्डिंग करतो. मग माणसासारखा चालणारा, हसणारा रोबो बनवणं इतकं अवघड का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमचा रोबो जमिनीला बोल्टने पक्का जखडलेला असतो. दोन पायांच्या रोबोला मात्र प्रत्येक पावलागणिक तोल सावरावा लागतो. शरीर किती कललं हे जायरोस्कोप सांगतो, तळपायावरचा भार सेन्सर मोजतात आणि त्यानुसार सांध्यांतल्या मोटरी क्षणोक्षणी दुरुस्ती करतात. होंडाच्या असिमो या रोबोने २००० साली हे करून दाखवलं. हावभावांसाठी लवचीक कातडीखाली छोट्या मोटरी बसवतात. आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टमध्ये डिसेंबर २०१७ला साडी नेसून आलेली सोफिया ही रोबो अशीच घडवलेली आहे. अशा रोबोंमधल्या सर्वो मोटर आणि सांध्याची स्थिती मोजणारे एन्कोडर तुमच्याही रोबोत आहेत. हा विषय शिकायचा असेल तर आधी ते समजून घ्या, अभ्यासाची उत्तम सुरुवात तिथूनच होईल.