तुझी रेघ

तू पाठवलेली बावीस चित्रं मी मोबाईलवर बघितलीच नाहीत. झेरॉक्सवाल्याकडून त्यांच्या प्रिंट काढून आणल्या, रात्री जेवणं उरकल्यावर स्वयंपाकघरातली शहाबादी फरशी पुसून घेतली आणि तिच्यावर ओळीनं मांडल्या. बराच वेळ नुसती उभ्यानं बघत होते. सोबत तू लिहिलं होतंस, ‘अक्का, खरं सांग, यात माझं असं काय आहे? सगळे म्हणतात स्वतःची स्टाइल पाहिजे.’

तर खरं सांगते. बावीसपैकी सतरा चित्रांत तू मला सापडली नाहीस. त्यात जपानी कार्टूनमधल्या मुली आहेत, बशीएवढ्या डोळ्यांच्या, टोकदार हनुवटीच्या. काम सफाईचं आहे, मेहनत दिसते. पण त्या सतरा मुलींपैकी एकीचाही हात दिसत नाही. कुणाचे पाठीमागे, कुणाचे खिशात, कुणाचे ओढणीखाली. हात जमत नाहीत म्हणून लपवलेस ना? मी ओळखलं, कारण तुझ्या वयाची असताना मीही हेच करायचे. माझ्या सगळ्या बायका पदरात हात गुंडाळून उभ्या असायच्या.

उरलेल्या पाचांत एक आहे, भालकीच्या बसस्टँडवर पोत्याला टेकून झोपलेल्या माणसाचं. वहीच्या मागच्या पानावर, बॉलपेननं काढलेलं. त्याचा खांदा तुला पहिल्यांदा जमला नाही. तू परत काढलास, तरी जमला नाही, मग तिसऱ्यांदा काढलास. पेन असल्यामुळे खोडता आलं नाही, म्हणून तिन्ही रेघा तशाच राहिल्या. अगं, तो माणूस श्वास घेतोय असं वाटतं त्या तीन रेघांमुळे! ते चित्र तू सगळ्यांत शेवटी पाठवलंस आणि खाली लिहिलंस, ‘हे असंच, टाइमपास.’ ते मी फ्रिजवर लावलंय.

आता नकलेबद्दल. कुणीतरी तुला म्हणालं असणार की दुसऱ्याचं बघून काढणं वाईट. तसं काही नाही. हात तयार होतो तोच नक्कल करून. आजीच्या देवघरात काचेची फ्रेम करून लावलेलं राधाकृष्णाचं जुनं कॅलेंडर आहे, आठवतं? कोपऱ्यात बारीक सही आहे, एस. एम. पंडित. मी राहते त्या कलबुर्गीत त्यांच्या नावाचं रंगमंदिर आहे, पण तिथं नाटकाला येणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की पंडित चित्रकार होते आणि याच गावचे होते. 1916 साली इथंच, तेव्हाच्या गुलबर्ग्यात जन्मले. मुंबईला गेले, नूतन कला मंदिरात दंडवतीमठांच्या हाताखाली शिकले, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्येही शिकले. मग मेट्रो टॉकीजसाठी हॉलिवूडच्या सिनेमांची शोकार्डं रंगवली, ‘फिल्मइंडिया’ मासिकासाठी चित्रं काढली. म्हणजे बघ, आधी विलायती पद्धतीचा अभ्यास, मग परदेशी नटनट्यांचे चेहरे. पोटापाण्यासाठी दुसऱ्यांचंच काढत होते. त्याच हातानं पुढं राम-कृष्ण रंगवले तेव्हा त्या देवांना दंड आले, छाती आली, अंगावर सिनेमातल्यासारखा एका बाजूनं उजेड आला. विलायती अभ्यास, सिनेमाचा उजेड आणि आपल्या पुराणातल्या गोष्टी हे सगळं एका माणसात मिसळलं आणि त्यांचं असं काही तयार झालं. शेवटी गुलबर्ग्यालाच परत आले आणि 1993 साली गेले.

आणि त्याहून महत्त्वाचं सांगते. रघुवीर मुळगावकर, मूळचे गोव्याचे, यांना पंडितांचं मार्गदर्शन लाभलं होतं. विषय तेच, देव तेच, छापखान्याची दुनिया तीच. पण दोघांची चित्रं शेजारी ठेवून बघ. मुळगावकरांचा चेहरा मऊ, साय धरल्यासारखा, रंगाची कड कुठं संपते ते कळतसुद्धा नाही. पंडितांच्या अंगाला वजन आहे, तो माणूस जमिनीवर उभा असतो. शिकवणारा जवळचा असला तरी शिकणाऱ्याचा जीव वेगळ्या ठिकाणी अडकतो. तुझा जीव कुठं अडकतो ते शोध. माझ्या मते शैली म्हणजे एवढंच.

म्हणून नक्कल कर, पण दोन गोष्टी सांभाळ. एकाचीच करू नकोस, तिघाचौघांची कर, तेही एकमेकांशी न जुळणाऱ्यांची. आणि प्रत्येक चित्राखाली लिही, कुणाचं बघून काढलं आणि त्यातलं काय आवडलं. ‘छान आहे’ असं लिहायचं नाही. ‘नाकाची सावली एकाच फटक्यात दिलीय’ असं लिहायचं.

आता माझं एक दुखणं सांगते. आईलाही कधी सांगितलं नाही. नववीत होते. चित्रकलेच्या एका वर्गाला जायचे, कुठला ते राहू दे. आई भाकरी थापतानाचं चित्र काढून नेलं होतं. माझी रेघ तुटक होती, कारण आईचे हात थांबतच नव्हते. तळहात खाली आला की बोटं वर, तोवर परात फिरलेली, पीठ सरकलेलं. मी जेवढं दिसलं तेवढं पकडलं होतं. तिथल्या सरांनी पान घेतलं, ‘रेघ कच्ची आहे’ म्हणाले आणि जाड पेन्सिलीनं माझ्या रेघांवरूनच दोन्ही हात गिरवून बंद केले. वर्गासमोर. वाईट हेतूनं केलं नसेल, पण बारावीपर्यंत मी एकही रेघ उघडी सोडली नाही. सगळी चित्रं तारेचं कुंपण घातल्यासारखी झाली. बक्षिसं मिळाली बरं का, आणि मला वाटलं हेच बरोबर आहे.

त्यातून बाहेर काढलं ते बिदरच्या एका कारागिरानं, आणि त्याला ते माहीतही नाही. बारावीनंतर मामाबरोबर बिदरला गेले होते. बिदरीकामाचं दुकान, मागं कारखाना, म्हणजे एक खोली. जस्तात थोडंसं तांबं मिसळून ओतलेली सुरई होती, राखाडी. त्यानं तिला मोरचुदाचं पाणी लावलं तशी ती काळी पडली. मग टोकदार सळईनं थेट त्या काळ्यावर वेल काढायला लागला. कागद नाही, छाप नाही, आधी आखणी नाही. सुरईचा गोल पोटाशी रुंद होतो तिथं वेलीची पानं आपोआप मोठी झाली, गळ्याशी आली तशी लहान. मी विचारलं, चुकलं तर? तो म्हणाला, चुकलं की तिथंच एक पान जास्त काढायचं.

पुढं छिन्नीनं ती रेघ खोदायची, चांदीची तार ठोकून बसवायची, घासून सगळं सपाट करायचं. आणि शेवटी किल्ल्यातली माती. जिथं वर्षानुवर्षं ऊन-पाऊस लागलेला नाही तिथली माती, नवसागर घालून चोळतात. माती चांगली आहे का हे जुने कारागीर जिभेला लावून पारखतात. त्या मातीनं जस्त कायमचं काळं होतं आणि चांदीला काहीसुद्धा होत नाही. या कलेचं मूळ इराणातलं सांगतात, पण नाव पडलं बिदरच्या नावानं. घरी आले आणि त्याच रात्री पेन घेऊन बसले. खोडरबर तेव्हापासून वापरत नाही.

तुझ्या लिहिण्याबद्दलही एक गोष्ट मला सांगायची आहे. घरी तू मराठी लिहितेस, शाळेत कन्नड. म्हणजे तुझ्या हाताला देवनागरीची सरळ शिरोरेषा आणि उभा काना माहीत आहे, आणि कन्नडची गोलाई, अक्षराच्या डोक्यावरचा तो छोटा तलकट्टूही. बिदरच्या बाजारात उजवीकडून डावीकडं धावणाऱ्या उर्दू पाट्या तू लहानपणापासून बघतेस. पुण्या-मुंबईच्या किती पोरींच्या हाताला असं तीन वळणांचं पाणी मिळालं असेल? एक दिवस चित्र काढायचं सोडून नुसती अक्षरं काढ, ब्रशनं, मोठ्ठी. कुठल्या वळणावर हात सैल पडतो ते बघ. तुझ्या त्या झोपलेल्या माणसाच्या पाठीची रेघ मला कन्नड अक्षरासारखी वाटली, खोटं नाही सांगत.

ग्रेडच्या परीक्षा देतेस ते चांगलं आहे. उदगीरची मावसबहीण महाराष्ट्रातली एलिमेंटरी-इंटरमीजिएट देते, तू कर्नाटकातली लोअर-हायर दे. वस्तुचित्रानं डोळा सरळ होतो, घासणीसारखं काम आहे ते. मात्र पास झालीस म्हणून शैली आली किंवा नापास झालीस म्हणून गेली, असं काही नसतं.

करायचं काय ते सांगते, आणि हे दिवाळीपर्यंत कर. एकच वस्तू किंवा एकच माणूस धर. रोज एक चित्र, एकाच पेननं, साध्या वहीत. पहिली दहा चित्रं तुला येतं ते दाखवण्यात जातील. पुढच्या दहांत कंटाळा येईल, तो चेहऱ्यावर लिहिल्यासारखा चित्रात दिसेल, दिसू दे. तिथून पुढं तुझ्या लक्षात येईल की काही गोष्टी तू दरवेळी सोडून देतेस आणि काही दरवेळी जास्त काढतेस. त्या वहीत लिहून ठेव. आणि तोवर मोबाईलवर काही टाकू नकोस. लोकांनी लाइक केलं की आपण तेच परत काढतो, आणि आपल्याला कळतही नाही की निवड कुणी केली.

हात काढ. लपवू नकोस. सुरुवात आईपासून कर. ती विचारेल, ‘काय करलालीस गं, भांडी कोण घासायचं?’ भांडी घासून ये आणि मग काढ.

येळवसला, म्हणजे वेळ अमावस्येला, मी गावी येतेय. शेतात कडब्याची कोप घातली की आजी आत पांडव मांडायला बसेल, तुरीच्या ओळी कोपेपर्यंत आलेल्या असतील. तिला सांगून बसवलंस तर ती पदर सारखा करेल, मान ताठ करेल आणि फोटोतल्यासारखी होईल. म्हणून काही बोलायचं नाही. ती आंबील ढवळायला लागली, की आपण दोघी दोन बाजूंनी बसू. मी डावीकडून, तू उजवीकडून. दोन पेनं मी आणते, वही तुझी तू आण.