पंचांच्या हातातील घड्याळ



पाथरीच्या मैदानावर कबड्डीचा सामना तुम्ही पाहिला असेल. चढाई करणारा खेळाडू 30 सेकंदांत परत आला नाही, तर तो बाद होतो. पंचांनी एका संघाला 30 सेकंद दिली आणि दुसऱ्याला 35 दिली, तर काय होईल? प्रेक्षक लगेच ओरडतील. म्हणजे न्याय केवळ शिट्टीत नसतो, तो घड्याळातही असतो.

आता एका नव्या खेळाचा विचार करू. हा खेळ माणसे खेळत नाहीत, त्यांनी बनवलेली यंत्रे खेळतात. 2008 साली पुण्यात 'रोबोकॉन' ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. यंत्रमानव म्हणजे रोबोट. निरनिराळ्या देशांतील महाविद्यालयीन विद्यार्थी आपापले रोबोट घेऊन पुण्याला आले होते. त्या वर्षीचा विषय आपल्या ओळखीचा होता : 'गोविंदा', म्हणजे दहीहंडी! 2014 साली ही स्पर्धा पुन्हा पुण्यातच भरली. तिच्यातील सामना तीनच मिनिटांचा होता. अनेक महिन्यांची मेहनत आणि तीन मिनिटांची परीक्षा! अशा वेळी पंचांचे काम किती नाजूक असेल, याचा विचार करा.

2016 पासून केंद्र सरकारच्या योजनेतून अनेक शाळांना 'अटल टिंकरिंग लॅब' मिळाल्या. तेथे सहावी ते बारावीचे विद्यार्थी रोबोट बनवतात. उद्या पाथरीत तालुक्याची स्पर्धा भरली आणि तुम्हीच पंच झालात, तर तुम्ही काय कराल?

समजा, पांढऱ्या फलकावर काळी रेघ आहे आणि रोबोटने त्या रेघेवरून जायचे आहे. रोबोटच्या पोटाखालून डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण खाली पडतात. पांढऱ्या भागावरून ते जास्त परत येतात, काळ्या रेघेवरून कमी येतात. या फरकावरून रोबोट रेघ ओळखतो. पण सूर्यप्रकाशातही असे किरण असतात. सकाळी नीट चालणारा रोबोट दुपारी खिडकीतून ऊन येताच गोंधळतो. मग सकाळी खेळलेला संघ आणि दुपारी खेळलेला संघ यांना एकच परीक्षा मिळाली, असे म्हणता येईल का? म्हणून पंचांनी पडदे लावून घ्यावेत. तसेच प्रत्येक संघाला खेळण्यापूर्वी तयारीसाठी एक मिनिट द्यावे. कोणालाही पाऊण मिनिट नको आणि दीड मिनिटही नको.

पंचांनी घाई केली, तर काय बिघडते? वेळ संपताच मुले धावतात आणि आपला रोबोट उचलतात. त्या गडबडीत एखादा ठोकळा हलतो. तो चौकटीत होता की बाहेर, हे मग कोणीच सांगू शकत नाही. म्हणून आधी मोजणी करावी, दोन गुणलेखकांनी गुण वेगवेगळे लिहून ताडून पाहावेत, संघनायकाला दाखवून त्याची सही घ्यावी आणि मगच फलक आवरावा.

पंचांनी उशीर केला, तर? चालू ठेवलेल्या रोबोटची बॅटरी उतरते, मोटार हळू फिरते आणि यंत्र ठरलेल्या जागेच्या अलीकडेच थांबते. माणसांचेही तसेच होते. समजा, सोनपेठहून आलेल्या मुलींची पाळी संध्याकाळी सर्वांत शेवटी आली. गुण चुकीचे लिहिले गेले आहेत, हे त्यांना कळले; पण शेवटची एस. टी. गाठायची होती. त्या काहीही न बोलता निघून गेल्या. त्यांच्यावर कोणी मुद्दाम अन्याय केला नाही. तरीही तो अन्यायच झाला, कारण सकाळच्या संघाला दाद मागायला वेळ होता आणि यांना नव्हता.

म्हणून हिशोब आधी करावा. 24 संघ आणि प्रत्येकाच्या तीन फेऱ्या, म्हणजे 72 खेळ. तयारीचे एक मिनिट, खेळाची तीन आणि मोजणीची दोन, अशी एका खेळाला सहा मिनिटे लागतात. एकूण 432 मिनिटे, म्हणजे सात तास बारा मिनिटे झाली! एका फलकावर हे काम दिवस मावळेपर्यंत चालेल. दोन फलक ठेवले, तर तीन तास छत्तीस मिनिटांत होईल. मात्र दोन्ही फलक सारखे हवेत आणि पंचांनी नियमांचा अर्थही सारखाच लावायला हवा.

येथे दोन शब्द ध्यानात ठेवा. उर्दूत 'मुद्दत' म्हटले, की बहुधा मोठा काळ आठवतो. मराठीत 'मुदत' म्हणजे ठरवून दिलेली वेळ. उर्दूत 'हरकत' म्हणजे हालचाल, तर मराठीत 'हरकत घेणे' म्हणजे आक्षेप घेणे. रोबोटची हरकत पाहण्यासाठी मुदत असते, तशी संघाची हरकत ऐकण्यासाठीही मुदत असावी. ती पहिल्या संघाला जितकी, तितकीच शेवटच्या संघालाही मिळावी.

हरलेला संघ परत जाताना "आमचा रोबोट कमी पडला" असे म्हणाला, तर पंचांचे काम चोख झाले असे समजा. "आम्हांला वेळच मिळाला नाही" असे मात्र कोणालाही म्हणावे लागू नये.

शब्दार्थ
नाजूक – जपून करावे लागणारे
ताडून पाहणे – तुलना करून खात्री करणे
दाद मागणे – न्याय मागणे
चोख – बिनचूक

स्वाध्याय
1. दुपारच्या उन्हात रोबोट का गोंधळतो?
2. फलक आवरण्यापूर्वी गुण का मोजावेत?
3. सोनपेठच्या मुलींवर कोणता अन्याय झाला? तो कसा टाळता आला असता?
4. 'मुदत' व 'हरकत' हे शब्द मराठी अर्थाने वाक्यांत वापरा.
5. 30 संघ, दोन फेऱ्या आणि दोन फलक असतील, तर स्पर्धेला किती वेळ लागेल? हिशोब करा.